६५० रुपयांची फर्स्ट एड पेटी: खरचटण्यापुरती ठीक, रक्त थांबवायला नाही

दोन स्टार देतोय आणि का ते सविस्तर लिहितो, कारण ही पेटी वर्कशॉपसाठी म्हणूनच विकतात आणि मी पण त्याच भरवशावर घेतली. कोल्हापूरजवळ आमचं ग्रिल-गेटचं शेड आहे, सहा माणसं. पांढरा पत्र्याचा डबा, भिंतीला अडकवायला हुक, छोटं कुलूप, दिसायला झकास. वर्षभर उघडायची वेळच आली नाही.

मागच्या पावसाळ्यात एका पोराच्या हातातला ग्राइंडर उलटला. कटिंग व्हील बारमध्ये अडकलं, मशीननं झटका दिला आणि मनगटाच्या वर चार बोटांवर हात उघडला. रक्त नुसतं वाहत नव्हतं, ठोक्याठोक्याला उडत होतं. मी डब्याकडं पळालो तर किल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, ती आणून उघडतो तर आत बारा छोट्या पट्ट्या, कापसाचं बंडल, जंतुनाशकाची बाटली, दोन इंची बँडेजचे दोन रोल, थर्मामीटर आणि एक कात्री, जिनं नंतर शर्टाची बाही पण कापली नाही. मी कापूस ओढून जखमेवर धरला, दोन सेकंदात त्याचा लाल लगदा झाला आणि तंतू आत चिकटून बसले.

मामांनी मला बाजूला केलं. मामा म्हणजे आमचे जुने वेल्डर, आधी साखर कारखान्यात होते, तिथं त्यांचं ट्रेनिंग झालेलं. त्यांनी पोराला आडवं झोपवलं, पिशवीतला धुतलेला पंचा काढला, जाड घडी करून बरोब्बर जखमेवर ठेवला आणि दोन्ही तळहातांनी अंगाचं वजन टाकून दाबला. मी दोनदा म्हटलं, मामा जरा उचला की, थांबलं का बघू. ते म्हणाले, "उचलायचं न्हाई दादा, धरल्याली रक्ताची गाठ सुटती." पंचा भिजला तेव्हा खालचा न काढता त्याच्यावरच टॉवेल ठेवला आणि दाब चालूच. एकजण हळद आणायला धावला होता त्याला मामांनी ओरडून थांबवलं, पोरगं पाणी मागत होतं तेही दिलं नाही, ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं पाहिजे म्हणून. अंगावर पोतं टाकलं कारण तो गार पडायला लागला होता. मी १०८ लावला. गाडी येईपर्यंत मामांचे हात हलले नाहीत. पोराचं टेंडन (बोटं हलवणारी आतली दोरी) तुटलं होतं, ऑपरेशन झालं, आता बोटं हलतात.

मोठ्या माणसाच्या अंगात रक्त साधारण पाच लिटर, आणि मोठी रक्तवाहिनी तुटली तर माणूस पाच मिनिटांतही जाऊ शकतो. म्हणजे गाडी यायच्या आतला सगळा खेळ जवळच्या माणसाच्या हातात, आणि त्या माणसाला ह्या डब्यातलं काहीही कामाला येत नाही. माझा राग ह्याच गोष्टीवर आहे. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये कलम ४५ ला दीडशे कामगारांमागं निदान एक पेटी लिहिली होती, पण आमच्यासारख्या छोट्या शेडमध्ये कोण विचारतंय, मालकानं स्वतःच बघायचं.

आता तोच डबा ठेवलाय पण आतलं बदललं. मेडिकलमधून मोठे गमजी पॅड (जाळीदार कापडात गुंडाळलेल्या कापसाचे जाड पॅड), गॉजची म्हणजे जाळीदार कापडाची पाकिटं, सहा इंची बँडेज आणि क्रेप, हातमोजे, जीन्स कापेल अशी कात्री, मार्कर पेन. कुलूप काढून टाकलं.

टूर्निकेट पण घेतलं, म्हणजे रक्त थांबवायला हाता-पायावर दांडीनं पिळून आवळायचा पट्टा, त्यात एकदा फसलो. पहिलं स्वस्तातलं ऑनलाइन मागवलं, लाकडी ओंडक्यावर आवळून बघितलं तर पिळायची प्लॅस्टिकची दांडी वाकली, परत पाठवलं. दुसरं चांगलं आहे, पट्टा जवळजवळ दीड इंच रुंद. सुतळी किंवा वायर बांधू नका, ती मांसात रुतते, आतल्या नसा दुखावतात आणि रक्त थांबेलच असं नाही. टूर्निकेट फक्त हाता-पायाला, आणि दाबूनही थांबत नसेल किंवा उडतच असेल तेव्हा. जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत पिळायचं, माणूस दुखतंय म्हणून ओरडला तरी. मग वेळ लिहायची (मार्कर त्यासाठीच) आणि डॉक्टर सोडवेपर्यंत सैल करायचं नाही. आणि जखमेत सळी किंवा काच घुसली असेल तर ओढून काढू नका, तिच्या दोन्ही बाजूंनी दाबा.

घरात पोरांचे गुडघे फुटतात तेवढ्यासाठी ही पेटी घ्यायला हरकत नाही, पट्ट्या चांगल्या चिकटतात, डबा मजबूत आहे. बनवणाऱ्यांना एवढंच सांगणं, थर्मामीटर काढा, त्या जागी दोन मोठे पॅड घाला आणि बारीक इंग्रजी कागदाऐवजी झाकणाच्या आत मोठ्या अक्षरात मराठीत छापा, कुठं दाबायचं आणि किती वेळ. तसं केलंत तर दुसऱ्या शेडसाठी मी तुमचीच घेईन.