केमिस्ट मंडळींच्या (औषधदुकानवाले नव्हे, केमिस्ट्रीवाले) संस्थेची मेंबरशिप घ्यावी का? (ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी)

पाचपैकी साडेतीन स्टार. त्यातले दोन एकट्या सेफ्टीच्या लेक्चरचे, एक एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायचं मशीन) वर्कशॉपचा आणि उरलेला अर्धा चहाच्या वेळेला जी बोलणी होतात त्याचा. सत्कार, शाल, श्रीफळ, मनोगत वगैरेचा शून्य.

संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आपल्या पट्ट्यात केमिस्ट आणि केमिकल इंजिनियर लोकांची मंडळं काही फार नाहीत, ज्यांना कळायचं त्यांना बरोबर कळेल, आणि उद्या परत तिथेच जाऊन बसायचंय मला. मी रबाळे साइडला एका इंटरमिजिएट (मधल्या टप्प्याची केमिकल्स) बनवणाऱ्या कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाच्या तपासणीला आहे, राहते कळव्याला, मेंबर होऊन बऱ्यापैकी काळ झालाय, म्हणजे एका कार्यक्रमावरून मत बनवलंय असं कोणी म्हणू नये.

कमिटी बघितली की ठाणे-बेलापूर रोडचा अख्खा इतिहास समोर बसलेला असतो. नोसिलवाले काका, हर्डिलियावाले काका, पॉलिओलेफिन्सवाले काका (या सगळ्या या रोडवरच्या जुन्या केमिकल कंपन्या), आणि यूडीसीटीला (माटुंग्याचं केमिकल टेक्नॉलॉजीचं कॉलेज) आयसीटी या नव्या नावाने म्हणायला अजूनही तयार नसलेले दोघंतिघं. एकेकाळी या रोडला नाफ्थाचा क्रॅकर चालायचा, फिनॉल-अॅसिटोन निघायचं, आता त्याच रोडला काचेच्या बिल्डिंगा आणि डेटा सेंटर. या लोकांनी प्लांट उभे केलेत, चालवलेत आणि काहींनी बंद होतानाही बघितलेत. त्यांच्या डोक्यात जे आहे ते कुठल्या पुस्तकात नाही. पण ते बाहेर कधी येतं, तर कार्यक्रम संपल्यावर समोसा हातात असताना. माइक हातात आला की तीच माणसं "आजच्या या मंगल प्रसंगी" सुरू करतात, काय करायचं सांगा.

वेळेचं आधी सांगून टाकते म्हणजे राग एका जागी संपेल. कार्डावर साडेपाच लिहिलेलं असतं. दीपप्रज्वलन सहा वाजता, मग स्वागत, मग पाहुण्यांचा परिचय (आख्खा बायोडेटा, दहावीच्या मार्कांपासून), मग सत्कार, मग ज्यांनी सत्कार केला त्यांचा सत्कार. वक्ता माइकपर्यंत पोचेतो पावणेसात. आणि प्रश्नोत्तरं, जो खरा माल आहे, तिथे कोणीतरी घड्याळ दाखवतं की हॉल साडेआठला सोडायचाय. लांबून आलेल्या बायका तोवर निघालेल्या असतात कारण वाशीहून ट्रान्स हार्बर पकडून पुढे ठाण्याला बदलून घरी पोचायचं असतं. हे मी कमिटीतल्या मॅडमना बोलले, त्या म्हणाल्या अगं मलाही तेच वाटतं पण ऐकतंय कोण.

आता सेफ्टीचं लेक्चर. विषय होता रनअवे रिअॅक्शन, म्हणजे हाताबाहेर जाऊन तापतच सुटणारी रिअॅक्शन. वक्ते प्लांटमधे आयुष्य काढलेले, स्लाइड अगदी साध्या, पण पहिल्याच गणिताला हॉल गप्प. 500 मिलीच्या फ्लास्कमधली रिअॅक्शन 5 किलोलिटरच्या रिअॅक्टरमधे नेली की माल 10,000 पट वाढतो, पण आकार तसाच ठेवला तर भिंतीचा पृष्ठभाग वाढतो साधारण 460 पटच. म्हणजे दर लिटरमागे थंड करायला मिळणारी भिंत वीसेक पटीने कमी. लॅबमधे बर्फाच्या बादलीत ठेवून आरामात आवरणारा एक्झोथर्म (रिअॅक्शनमधून निघणारी उष्णता) प्लांटमधे जॅकेटला (रिअॅक्टरभोवतीचं थंड करणारं कवच) आवरत नाही तो याच्यामुळे. वर आणखी भानगड अशी की तापमान वाढतं तशी जॅकेटने उष्णता ओढून घेण्याची ताकद सरळ रेषेत वाढते आणि रिअॅक्शनची उष्णता मात्र झपाट्याने, ढोबळ मानाने दर 10 डिग्रीला दुप्पट. दोन रेघा एकदा एकमेकींना ओलांडून गेल्या की मग पाणी वाढवा, ब्राइन (गार केलेलं मिठाचं पाणी) सोडा, काही उपयोग नाही.

मग त्यांनी अमेरिकेतल्या टी-टू लॅबोरेटरीजची केस घेतली. फ्लोरिडात जॅक्सनव्हिलला, 19 डिसेंबर 2007. सोडियम धातू टाकून पेट्रोलच्या अॅडिटिव्हचं इंटरमिजिएट करायचे. लॅबमधून एकदम मोठ्या रिअॅक्टरवर उडी, कूलिंगला पाण्याची एकच लाइन, बॅकअप नाही. आणि ही काही पहिली बॅच नव्हती हो, 175 वी होती! त्याआधी बॅचचा साइजही वाढवलेला. त्या दिवशी कूलिंग गेलं, तापमान चढलं, आणि वरच्या तापमानाला सोडियम आणि सॉल्व्हंट यांचीच आपापसात दुसरी रिअॅक्शन सुरू झाली, जी त्यांनी कधी तपासलीच नव्हती. चार जण गेले, त्यात कंपनीचा एक मालकही. 175 वी बॅच ऐकल्यावर माझ्या शेजारी बसलेला प्रॉडक्शनचा मुलगा हळूच म्हणाला, "आमच्याकडे तर म्हणतात एवढ्या बॅचेस झाल्या, काय होतंय". मला वाटतं त्या हॉलमधे निम्म्या लोकांच्या मनात तेच चाललेलं असणार.

डोंबिवली निघणारच होती. 26 मे 2016 आणि 23 मे 2024, दोन्ही स्फोट आपल्याच जिल्ह्यात, आठ वर्षांत दोनदा, लांबलांबच्या घरांच्या काचा गेलेल्या सगळ्यांनी बघितल्यात. वक्त्यांनी कोणावर बोट न दाखवता एवढंच विचारलं की तुमच्या प्लांटला रप्चर डिस्क (दाब वाढला की फुटून वाट देणारी चकती) आहे ती कुठल्या हिशोबाने निवडली, हे सांगू शकणारा माणूस आज शिफ्टला आहे का. कोणी हात वर केला नाही. मग प्रश्नांचा जो पाऊस पडला तो हॉलवाल्याने अक्षरशः लाइट बंद करेपर्यंत. असं लेक्चर वर्षातून एकदा का, दर तीन महिन्याला का नाही? नॅशनल सेफ्टी काउन्सिलचं हेडक्वार्टर आपल्या सीबीडी बेलापूरला आहे, म्हणजे माणसं आणायला दिल्लीलाही जायला नको, तरी आमच्या संस्थेचा 4 मार्चचा सेफ्टी डे म्हणजे शपथ आणि बॅज. शपथ घेऊन ब्राइनचा पंप चालू राहतो का?

एचपीएलसी वर्कशॉप रविवारी अर्धा दिवस असतं, ठाण्यातल्या एका कॉलेजच्या लॅबमधे, आणि इथे फी वेगळी भरावी लागते पण भरा. शिकवणारे सर्व्हिस इंजिनियर होते, आयुष्यभर लोकांचे चोक झालेले पंप खोललेला माणूस, त्यामुळे थिअरी पाच मिनिटं आणि नंतर सगळं हातात. मशीनमधे फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं क्षाराचं पाणी) चालू असताना थेट 100 टक्के अॅसिटोनायट्राइल या सॉल्व्हंटवर जायचं नाही, मीठ आतच बसतं, चेक व्हॉल्व्ह अडकतात, कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) जातो, आधी बफरशिवाय त्याच प्रमाणातलं पाणी आणि ऑरगॅनिक सॉल्व्हंट फिरवा मग पुढे जा. पीएच ऑरगॅनिक मिसळायच्या आधी लावायचा, नंतर मीटर दाखवतो त्याला अर्थ नाही. साधा सिलिका बेसचा सी-18 कॉलम असेल तर साधारण पीएच 2 ते 8 च्या बाहेर जाऊ नका. हे एसओपीत (कामाच्या लेखी पद्धतीत) असतंच पण का ते कोणी सांगत नाही, इथे सांगतात. मॅन्युअल इंटिग्रेशनवर (मशीनच्या ग्राफमधलं माप स्वतः हाताने ठरवणं) तर त्यांनी असं झापलं की ऑडिटर बरा.

मधेच 2008-09 च्या अॅसिटोनायट्राइल टंचाईची गोष्ट निघाली. ते मुळात बहुतेक ठिकाणी मुद्दाम बनवत नाहीत, अॅक्रिलोनायट्राइल बनवताना बाजूला निघतं. मंदीत गाड्यांचा खप पडला, त्यापासूनच्या प्लॅस्टिकची मागणी पडली, अॅक्रिलोनायट्राइल कमी, म्हणून जगभरच्या क्यूसी लॅब बोंबलत मेथॅनॉलकडे वळल्या. मी आठ तास ज्या सॉल्व्हंटबरोबर काढते त्याचा भाव गाड्यांच्या खपावर हलतो हे मला नोकरी लागून इतकी वर्षं झाली तरी माहीत नव्हतं.

केमिस्ट्रीच्या नोबेलवरचं लेक्चर दरवर्षी होतं, यावेळी 2025 चं, म्हणजे मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क (एमओएफ), कितागावा, रॉब्सन आणि याघी. प्रोफेसर छान होते. धातूचे आयन म्हणजे सांधे, ऑरगॅनिक रेणू म्हणजे दांडे, आत मोकळ्या खोल्या, आणि एवढी पोकळी की दोनचार ग्रॅम पावडरीच्या आतला पृष्ठभाग पसरला तर फुटबॉलचं मैदान भरेल. रॉब्सनचं काम 1989 चं, सुरुवातीचे सांगाडे नाजूक, सहज कोसळायचे, मग कितागावांनी वायू आतबाहेर करून दाखवला, याघींनी 1999 मधे एमओएफ-5 काढलं जे तापवलं तरी टिकतं, आणि पुढे वाळवंटातल्या हवेतून पाणी. पण आमच्या पट्ट्यातला श्रोता तो, पहिला प्रश्न काय आला असेल? "सर, किलोला काय पडतं?" मी हसले, पण तोच प्रश्न सगळ्यात चांगला निघाला कारण त्यावरून कॅल्फ-20 या एमओएफचा विषय आला, जे बीएएसएफ कंपनीने मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतलंय, चिमणीतून कार्बन डायऑक्साइड पकडायला, आणि पुढची वीस मिनिटं ओलाव्यात कुठलं मटेरियल टिकतं यावर चर्चा.

2 ऑगस्टला रसायनशास्त्रज्ञ आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांची जयंती. भाषण दरवर्षी तेच, 1861 चा जन्म, साधी राहणी, मर्क्युरस नायट्राइट (त्यांनी तयार केलेलं संयुग). ऐकून ऐकून पाठ. खरं तर त्यांनी 1892 मधे सातशे रुपयांवर घरातूनच जे सुरू केलं ते पुढे बेंगॉल केमिकल ही कंपनी झालं, प्रभादेवीला त्या नावाचा बस स्टॉप आहे, रोज हजारो माणसं तिथून जातात, त्या धाग्यावर स्मॉल स्केलवाल्या एखाद्या मालकाला बोलावून बोलतं करा ना. मी सुचवलं होतं, मिनिट्समधे आलं, पुढे काही नाही.

शाळांसाठीचा कार्यक्रम मात्र बेस्ट असतो, तिथे कॉलेजची पोरं राबतात म्हणून. लाल कोबीचा रस, हळद आणि सोडा, पेरॉक्साइडचा फेस, आणि ज्वालेचे रंग. ज्वालेच्या प्रयोगाला त्यांनी मेथॅनॉल वापरलं नाही, निरनिराळ्या धातूंच्या क्षारांच्या पाण्यात भिजवलेल्या लाकडी काड्या बर्नरवर धरल्या, सोडियम पिवळा, तांबं हिरवं, स्ट्रॉन्शियम लाल. हे मी मुद्दाम लिहितेय कारण मेथॅनॉल ओतून हा खेळ करताना परदेशात मुलं भाजलेली आहेत आणि आपल्याकडे यूट्यूब बघून तोच प्रकार शाळांत चालतो. गॉगल सगळ्या मुलांना, एकालाही सूट नाही. तळोज्याचा एक मुलगा विचारत होता की आमच्याकडे कुत्रे निळे झाले होते ते कुठल्या केमिकलने. 2017 ची गोष्ट, त्याने घरातल्यांकडून ऐकलेली असणार. कमिटीतले काका जरा चपापले, पण उत्तर दिलं, कारखान्याचा रंग नदीत गेला म्हणून, टाळाटाळ नाही केली. त्याचे मार्क द्यायला पाहिजेत.

न्यूजलेटर येतं तेव्हा त्यातले कार्यक्रम होऊन गेलेले असतात, फोटोच फोटो. व्हॉट्सअॅप ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं, मधेच कोणीतरी "जॉब ओपनिंग, तळोजा, क्यूए, 3-5 वर्षं" टाकतं आणि ते फुलांखाली गाडलं जातं. नोटिफिकेशन बंद करा पण ग्रुप सोडू नका, माझ्या ओळखीतल्या एका मुलीला तिथूनच नोकरी लागलीय.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. हॉलमधे पुढच्या चार रांगा रिटायर्ड लोकांच्या, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं सगळ्यात जास्त गरजेचं, रिअॅक्टरवर उभी राहणारी कॉन्ट्रॅक्टवरची पोरं, ती सेकंड शिफ्टला. बीएस्सी करून बारा तास ड्यूटी करणाऱ्याला शनिवारी साडेपाचला वाशीत ये म्हणणं म्हणजे येऊच नको म्हणणं. त्याला फीही जड जाते आणि फॉर्मवर दोन मेंबरांच्या सह्या लागतात त्या तो कुठून आणणार. सेफ्टीचं तेच लेक्चर महापे किंवा पावण्यात एखाद्या कॅन्टीनमधे, शिफ्ट बदलायच्या वेळेला, मराठी-हिंदीत एक तास ठेवा, सत्काराशिवाय. हॉलचं भाडंही वाचेल. एका कंपनीने कॅन्टीन द्यायची तयारी दाखवलीय असं ऐकलंय, कमिटी "विचाराधीन" म्हणते.

तर घ्यायची असेल तर वार्षिक घ्या, आजीवच्या भानगडीत इतक्यात पडू नका. विद्यार्थ्यांना सवलत आहे, कॉलेजचं आयडी लागतं. साडेपाचच्या कार्यक्रमाला साडेसहाला गेलात तरी काही चुकत नाही, मागे बसा, प्रश्न लिहून न्या. आणि गाडी आणू नका, पार्किंग नाही, वाशी स्टेशनवरून चालत या.