पोपटाच्या फोटोवर भुलू नका: फ्लेक्सच्या प्रोफाइलमधली फसवणूक

14 एप्रिलच्या तोंडावर तालुक्याच्या एका फ्लेक्स दुकानात बॅनरचा निळा जांभळा निघू लागला. आठवडाभर आधी शहरातून आलेल्या 'कलर एक्सपर्ट'नं 8,000 रुपये घेऊन 'कस्टम प्रोफाइल', म्हणजे कोणत्या रंगाला कोणती शाई किती टाकायची हे मशीनला सांगणारी फाइल, बसवून दिली होती. शाई तीच, रोल तोच, शाई फवारणारं हेड साफ. खोटी होती ती प्रोफाइल.

हा माणूस लॅपटॉप आणि स्पेक्ट्रो (रंग मोजायचं यंत्र) घेऊन येतो, रंगीत चौकोनांचा एक चार्ट छापतो, तो ओला असतानाच त्यावरून यंत्र फिरवतो आणि पाऊण तासात 'झालं भाऊ' म्हणतो. मग पोपट, फळं, नवरीचा शालू असला भडक फोटो काढून दाखवतो. रंग उठतातच, कारण रिपमध्ये (डिझाइनचं शाईच्या ठिपक्यांत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) सॅच्युरेशन, म्हणजे भडकपणा, चढवलेलं असतं. आत मात्र ऑफसेट छपाईच्या आर्ट पेपरसाठीच्या फोग्रा 39 या मानकाची तयार प्रोफाइल, नाव बदलून 'स्टार फ्लेक्स 6 पास' केलेली.

पाऊण तासात खरी प्रोफाइल होतच नाही. आधी नोझल चेक, म्हणजे शाईची सगळी छिद्रं चालू आहेत ना ते पाहणं. मग एकेका शाईची मर्यादा: 80 टक्के आणि 100 टक्के मॅजेंटा सारखाच दिसत असेल तर वरची शाई वाया. मग लिनिअरायझेशन, म्हणजे 10, 20, 30 टक्क्यांचे पट्टे सारख्या पायऱ्यांनी गडद होतील असं बसवणं. त्यानंतर चारही शाया मिळून मर्यादा. ही चुकली की गुंडाळलेलं फ्लेक्स एकमेकाला चिकटतं. मग कलर करेक्शन पूर्ण बंद ठेवून मोठा चार्ट (आयटी 8.7/4 हा प्रमाणित चार्ट असेल तर 1617 चौकोन). सॉल्व्हंट शाईचा रंग सुकताना सरकतो, म्हणून चार्ट रात्रभर मोकळा ठेवून सकाळी मोजायचा. एवढं करूनही ती प्रोफाइल त्याच शाईला, त्याच रोलला, त्याच पासला (हेड एका जागेवरून किती वेळा फिरतं) आणि हीटरच्या त्याच तापमानालाच लागू. मे महिन्यात दुकानाचा एसी बंद पडला की शाई पातळ होते आणि चांगली प्रोफाइलही हलते. तो दोष बनवणाऱ्याचा नव्हे.

शाईचा भुर्दंड वेगळाच. फोग्रा 39 वर बेतलेली आयएसओ कोटेड व्ही2 ही प्रोफाइल चारही शायांची बेरीज धरून एकूण 330 टक्के शाई गृहीत धरते. तुमचं फ्लेक्स 250 लाच भरत असेल आणि रिपमध्ये वेगळी मर्यादा नसेल, तर काळ्याभोर भागात जवळपास एक तृतीयांश शाई जास्त ओतली जाते.

दुसरा प्रकार याहून सोपा: 'चार्टचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका, प्रोफाइल पाठवतो.' मोबाइलचा कॅमेरा उजेड पाहून रंग स्वतःच बदलतो; त्यावरून मोजणी होणं शक्य नाही.

ओळखायचं कसं? फाइलचं नाव बदललं तरी आतलं वर्णन बहुतेक वेळा तसंच राहतं. फाइलची कॉपी नोटपॅडमध्ये उघडा. अगम्य अक्षरांमध्ये मूळ नाव आणि कॉपीराइटची ओळ सापडते. हुशार माणूस तेही पुसतो. मग फोटोशॉपमध्ये लॅब मोडचे (एल म्हणजे उजळपणा, ए आणि बी म्हणजे रंगाची झाक) राखाडी चौकोन करा: एल 20, 35, 50, 65, 80, आणि ए व बी शून्य. रिपमध्ये रंग बसवायच्या पर्यायांतला 'रिलेटिव्ह कलरिमेट्रिक' निवडून छापा, सुकू द्या आणि ओसरीच्या सावलीत, दिवसाच्या उजेडात पाहा, ट्यूबलाइटखाली नको. गुलाबी किंवा हिरवट झाक दिसली तर ती प्रोफाइल तुमच्या मशीनची नाही.

पैसे अर्धे आधी, अर्धे ही राखाडी चौकोनांची पट्टी दुसऱ्या दिवशी पाहिल्यावर. सोबत छापलेला चार्ट, रिपमधल्या शाईमर्यादा आणि मोजणीची फाइल मागा. ती फाइल साध्या मजकुराची असते, जितके चौकोन तितक्या ओळी आकड्यांच्या. 'ते आमचं सिक्रेट आहे' म्हणाला, तर चहा पाजा आणि बसस्टँडवर सोडून या.