मधोमध थांबलेला काटा: ट्रेलर ओढणाऱ्या गाडीचा आठ महिन्यांचा अनुभव

आठ महिन्यांपूर्वी मी ट्रेलर ओढण्यासाठी एक जुनी (सेकंड-हँड) डिझेल एसयूव्ही घेतली. गाडी लॅडर फ्रेमवर, म्हणजे शिडीसारख्या वेगळ्या सांगाड्यावर, बांधलेली आहे, गिअरबॉक्स ऑटोमॅटिक आहे, आणि माणसे व सामान धरून तिचे वजन सुमारे २,१०० किलो भरते. मागे जोडलेला ट्रेलर भरल्यावर १,४०० किलोचा होतो आणि त्याला स्वतःचे ब्रेक आहेत. गाडी मला आवडली आहे आणि ती मी ठेवणार आहे. मात्र तिच्या डॅशबोर्डावरच्या तापमानाच्या काट्यावर मी पहिले काही आठवडे जो विश्वास टाकला, तो चुकीचा होता.

आधी निवडीविषयी लिहितो. माहितीपत्रकातला ‘ओढण्याची क्षमता’ हा एकच आकडा पाहून निर्णय घेऊ नये. ब्रेक असलेल्या आणि नसलेल्या ट्रेलरसाठीचे आकडे वेगळे असतात, आणि ब्रेक नसलेल्या ट्रेलरची मर्यादा पुष्कळदा ७५० किलो किंवा त्याहूनही कमी असते. शिवाय हिचवर, म्हणजे गाडीच्या मागे ट्रेलर जोडायच्या कडीवर, खाली पडणारा भार गाडीच्या स्वतःच्या भारक्षमतेतूनच वजा होतो. त्यामुळे चार माणसे आणि मागे सामान घेतले की कागदावरची क्षमता प्रत्यक्षात शिल्लक राहतेच असे नाही. म्हणून गाडी आणि ट्रेलर मिळून निर्मात्याने ठरवलेले कमाल एकत्रित वजन मी प्रथम पाहिले. पुढच्या व मागच्या चाकांच्या धुऱ्यांमधले अंतर जास्त आणि मागच्या धुऱ्यापासून हिच जवळ असलेली गाडी ट्रेलरच्या हेलकाव्यांना कमी दाद देते, हा दुसरा निकष होता. या दोन्ही बाबतींत माझी निवड बरोबर ठरली.

थंड राहण्याची क्षमता हा तिसरा निकष मी तेव्हा लावला नाही आणि तो लावायला हवा होता. ३,५०० किलोचा जोड ताशी ६० किलोमीटरने सहा टक्के चढावर न्यायचा, तर नुसते ते वजन वर उचलायलाच सुमारे ३४ किलोवॉट शक्ती सतत लागते. ट्रेलर सोडला तर हाच आकडा २१ च्या आसपास येतो. त्या प्रमाणात कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात, जाणारी उष्णताही वाढते, आणि ती अर्धा तास सलग बाहेर टाकण्याची कुवत रेडिएटर व पंख्यात असावी लागते. अमेरिकेत एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या जे२८०७ या मानकात नेमकी हीच परीक्षा आहे. ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा सुमारे १८ किलोमीटरचा चढ, हवेचे तापमान किमान ३८ अंश, एसी पूर्ण चालू आणि वेग ठरावीक मर्यादेच्या खाली येऊ द्यायचा नाही. हे मानक ऐच्छिक आहे, त्यामुळे गाडीचा आकडा अशा कसोटीतून आलेला आहे का, हे घेण्यापूर्वी विचारून घ्यावे.

आता काट्याकडे येतो. पहिल्या तीन लांब प्रवासांत तो मापकाच्या बरोबर मध्यावर उभा होता. सपाट रस्ता असो, चढ असो, वाहतुकीत अडकलेलो असो, तो तसूभरही हलला नाही आणि मी निश्चिंत राहिलो. चौथ्या प्रवासात, एका लांब चढाच्या माथ्यावर थांबल्यावर, इंजिनाचा पंखा पूर्ण जोराने घोंघावत असल्याचे ऐकू आले आणि बॉनेटजवळ हात नेताच उष्णतेचा झोत लागला. काटा तरीही मध्यावरच होता. त्या आठवड्यात मी ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीच्या तपासणीसाठी दिलेल्या सॉकेटला, लावायचे छोटे रीडर घेतले. इंजिनाचा संगणक कूलंट सेन्सरकडून जो आकडा घेतो, तोच त्यावर अंशांत दिसतो.

त्यानंतरच्या नोंदींनी माझे मत बदलले. माझ्या गाडीत ७८ अंशांपासून १०८ अंशांपर्यंत काटा एकाच जागी राहतो. ११० च्या पुढे गेल्यावरच तो उठतो आणि उठला की झपाट्याने लालपट्टीकडे जातो. हा बिघाड नव्हे. अनेक निर्माते काट्याची हालचाल मुद्दाम अशी दाबून ठेवतात, कारण थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे जाणारे कूलंट सोडणारी झडप) उघडझाप करताना होणारे नेहमीचे चढउतार पाहून लोक विनाकारण घाबरतात. एकट्या गाडीसाठी ते चालूनही जाते. ट्रेलर ओढणाऱ्याला मात्र ९० आणि १०८ यांतला फरक कळायलाच हवा, कारण उपाय करण्याचा अवधी त्या १८ अंशांतच असतो. काटा हलेपर्यंत तो अवधी संपलेला असतो.

१०८ म्हणजे कूलंट उकळले असे नव्हे. निम्मे पाणी आणि निम्मे इथिलीन ग्लायकॉल हे मिश्रण उघड्या हवेत सुमारे १०७ अंशांना उकळते, पण कूलंटच्या टाकीचे झाकण सुमारे एक बार, म्हणजे हवेच्या दाबाइतका जादा, दाब धरून ठेवते तेव्हा हा बिंदू १२५ अंशांच्या वर जातो. अर्थात ही सारी सुरक्षितता त्या झाकणाच्या रबरी सीलवर अवलंबून आहे, म्हणून जुन्या गाडीत झाकण बदलूनच घ्यावे.

माझ्या गाडीत सपाटीवर ८८ ते ९२ आणि त्या नेहमीच्या चढावर १०७ असे आकडे येत होते. हे मला पटेना. मेकॅनिकने रेडिएटरच्या पुढे असलेला एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) सैल करून पुढे ओढला आणि त्याच्यामागे, रेडिएटरच्या पुढच्या अंगाला, दिवा धरून मला बघायला सांगितले. धूळ, गवताचे तुरे आणि किड्यांचे पंख तेलकट मातीत बसून नमद्यासारखा थर झाला होता आणि खालच्या तिसऱ्या भागात पत्र्यांच्या फटी दिसतच नव्हत्या. समोरून जाळीतून पाहिले असते तर सारे स्वच्छच दिसले असते. मागच्या बाजूने पुढे असे हलक्या धारेचे पाणी मारून ते धुतले. पुढच्याच आठवड्यात तोच चढ, तेवढाच भार आणि जवळपास तशीच हवा असताना आकडा ९८ वर थांबला. त्या अख्ख्या काळात काटा मध्यावरच होता, हे मुद्दाम नमूद करतो.

रीडरवरच्या आकड्यालाही एक मर्यादा आहे. कूलंट गळून पातळी खाली गेली तर सेन्सर द्रवाऐवजी वाफेत किंवा हवेत राहतो आणि इंजिन तापत असताना आकडा उलट उतरू शकतो. चढावर आकडा अचानक खाली आला तर आनंद मानू नये, ताबडतोब थांबावे. मी प्रत्येक प्रवासापूर्वी, इंजिन थंड असताना, टाकीतली पातळी पाहतो.

चढावर १०० दिसताच मी एक गिअर खाली घेतो आणि वेग कमी करतो. इंजिनाचे फेरे वाढल्याने पाण्याचा पंप आणि पट्ट्यावरचा पंखा दोन्ही जोरात फिरतात, आणि वेग उतरल्याने मुळात उष्णताच कमी तयार होते. १०४ ला एसी बंद करतो. त्यापुढे हीटर पूर्ण उघडायचा, म्हणजे इंजिनाची काही उष्णता गाडीच्या आत निघून जाईल, हे ठरवून ठेवले आहे. रेडिएटर धुतल्यापासून ती वेळ आलेली नाही.

सध्या माझे लक्ष गिअरबॉक्सच्या तेलावर जास्त असते. त्याचा काटाच या गाडीत नाही, पण रीडरवर आकडा मिळतो. सपाटीवर तो ८५ च्या आसपास राहतो. कमी वेगाच्या तीव्र वळणांवर टॉर्क कन्व्हर्टरचे (इंजिनाची शक्ती तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचे) लॉक सुटते, तेल आतल्या आत घुसळले जाते आणि दहा मिनिटांत आकडा ११८ ला पोचतो, तेव्हा इंजिनाचा आकडा मात्र ९५ वर शांत असतो. तेल फार वेळ १२० च्या वर राहिले की झपाट्याने खराब होते, म्हणून गेल्या महिन्यात मी वेगळा तेल कूलर बसवून घेतला. त्याच वळणांवर आता १०४ दिसतात.