स्वतःच्या सर्व्हरवरचं मॅट्रिक्स, सरकारी कामासाठी: बऱ्याच महिन्यांनंतरचा अनुभव (मुख्यतः रिकव्हरी कीबद्दल)

मॅट्रिक्स म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणारी चॅटची खुली पद्धत, आणि फेडरेशन म्हणजे असे वेगवेगळे सर्व्हर एकमेकांशी जोडणं, एवढं इथे पुरे. आमच्या विभागाने स्वतःच्या सर्व्हरवर ते बसवलं त्याला बरेच महिने झाले, आणि आज लिहायला बसलो ते फक्त त्या रिकव्हरी कीमुळे, म्हणजे फोन गेला तर जुने मेसेज परत उघडून देणाऱ्या गुप्त अक्षरांमुळे.

सोबतच्या मॅडमचा फोन अचानक बंद पडला. नवीन फोनवर लॉगिन केलं तर ग्रुप दिसतायत, नावं दिसतायत, पण मेसेजच्या जागी नुसती 'उघडता येत नाही' अशी फिकट ओळ, एकाखाली एक, कितीही वर जा तेच. रिकव्हरी की विचारली तर ती काय असते हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ४८ अक्षरं असतात, चार-चारचे १२ गट, आणि सिस्टिम बसवून देणाऱ्या कंपनीच्या माणसाने ट्रेनिंगमध्ये नेमका तोच स्क्रीन 'हे नंतर करा' म्हणून सगळ्यांना पुढे न्यायला लावला! सर्व्हर आपला, डेटाबेस आपला, तरी अ‍ॅडमिनच्या हातात काही नाही, कारण मेसेज उघडणाऱ्या किल्ल्यांचा सर्व्हरवरचा बॅकअपसुद्धा त्याच रिकव्हरी कीने कुलूपबंद. तसंच असायला हवं हे मला पटतं, अ‍ॅडमिनला वाचता आलं तर एंड-टू-एंड एन्क्रिप्शनला (बोलणारे सोडून कुणालाच मेसेज वाचता येऊ नये म्हणून लावलेल्या कुलुपाला) अर्थ काय, पण मग चार्ज देताना फायलींची यादी सही करून घेतात तितक्याच काटेकोरपणे हे पहिल्या दिवशी व्हायला हवं होतं.

यावर उपाय साधा आहे. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरही लॉगिन ठेवा. फोन गेला तर नवीन फोन आणि कॉम्प्युटर शेजारी ठेवायचे, दोन्हीकडे सात चित्रं येतात, कुत्रा, छत्री, घंटा असं काहीतरी, ती जुळली की 'जुळतात' दाबायचं आणि जुने मेसेज उघडणाऱ्या किल्ल्या नवीन फोनवर येतात. मॅडमचं दुसरीकडे कुठेच लॉगिन नव्हतं, त्यामुळे जुनं सगळं गेलं.

एवढं लिहून एकच स्टार देणार होतो, पण मधल्या काळात दुसरी एक गोष्ट घडली ती सांगितली नाही तर अन्याय होईल. होस्टिंगवाल्याने रिन्यूअलला दर वाढवले आणि अडवून धरलं. आमच्या टीमने डेटाबेसची (पोस्टग्रेसची) पूर्ण प्रत, मीडियाचं फोल्डर आणि सर्व्हरची ओळख पटवणारी सायनिंग की उचलून दुसऱ्या मशीनवर टाकली, डीएनएस बदललं, म्हणजे सर्व्हरचं नाव नव्या मशीनकडे वळवलं, आणि दुसऱ्या दिवशी लोकांनी रोजच्यासारखं काम सुरू केलं, आयडी तेच, ग्रुप तेच. हे फक्त कंपनीच्याच सर्व्हरवर चालणाऱ्या अ‍ॅपमध्ये करून दाखवा. डेटा आपला म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

आणि नुसतं एन्क्रिप्शन पुरत नाही. २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या बड्या अधिकाऱ्यांच्या सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपवरच्या ग्रुपमध्ये एक पत्रकार चुकून अ‍ॅड झाला, तिथे एन्क्रिप्शन व्यवस्थित चालू होतं, माणूस चुकीचा होता. आपल्या सर्व्हरवर फेडरेशन बंद आणि खाती ऑफिसनेच उघडलेली असली तर बाहेरचा माणूस त्या यादीत येतच नाही. फ्रान्सने २०१९ मध्ये मॅट्रिक्सवरच चॅप (Tchap) हे सरकारी कर्मचाऱ्यांसाठीचं मेसेजिंग अ‍ॅप आणलं, सुरुवातीलाच एका रिसर्चरने ईमेल तपासणीतली पळवाट वापरून आत खातं उघडून दाखवलं, ती लगेच बुजवली आणि नेमकं काय चुकलं होतं ते सगळ्यांना वाचता आलं. जर्मन सैन्यही मॅट्रिक्सवरच आहे. शिवाय २०१८ चा अमेरिकेचा क्लाउड अ‍ॅक्ट बघा, कंपनी अमेरिकन असली तर सर्व्हर कुठल्याही देशात असो, तिथल्या सरकारी यंत्रणांना डेटा मागता येतो.

एक सावधगिरी मात्र ठेवा, आमच्याकडे ग्रुपचं नाव, विषय आणि इमोजी रिअ‍ॅक्शन एन्क्रिप्ट होत नाहीत, अ‍ॅडमिनला दिसतात. कोणाची चौकशी चालू आहे ते ग्रुपच्या नावात लिहू नका.

पाचपैकी चार देतो. आता नवीन माणूस आला की आमच्यातलं कुणीतरी शेजारी बसतं आणि की कागदावर उतरवून घेतल्याशिवाय उठत नाही, ही सक्ती कंपनीकडून बसवतानाच लेखी करून घ्या.