क्यूजीआयएस आठ महिने वापरल्यावर: खरी डोकेदुखी शेपफाइलची

बडोद्याच्या जुन्या शहराचा नकाशा क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये करायला घेऊन आठ महिने झाले. मांडवी या मधल्या जुन्या वास्तूभोवतीचे चार दरवाजे, आतल्या पोळी (जुन्या वस्तीच्या गल्ल्या), सिटी सर्वे नंबर, घरमालकांची नावं देवनागरीत आणि गुजरातीत, असा एकूण पसारा. गेल्या आठवड्यात त्यातला एक लेअर, म्हणजे नकाशाचा एक थर, शेपफाइल या जुन्या फॉरमॅटमध्ये पुढे दिला. तिकडे उघडल्यावर 'मालक' आणि 'मालमत्ता' हे दोन रकाने ओळखू येईनात, सहहिस्सेदारांची नावं मध्येच तुटलेली, आणि एका जुन्या भागात गुजराती नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. हा अनुभव लिहायला बसण्याचं कारण तेच.

सॉफ्टवेअर काय आहे हे बहुतेकांना माहीत असेल. २००२ मध्ये सुरू झालेला मुक्त प्रकल्प आहे, फुकट आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालतो. इन्स्टॉलर एक जीबीहून मोठा असतो, तेव्हा मोबाइलच्या नेटवर उतरवू नका. नवं नवं व्हर्जन घेण्याच्या मागे न लागता 'लाँग टर्म रिलीज' घ्यावं. ८ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर एसएसडी असेल तर वॉर्डाएवढं काम निवांत होतं. परवान्यावर एक रुपया खर्च न करता एवढं हाती येतं, याचं मोल मी फार मानतो.

आता शेपफाइल. नाव एक, पण प्रत्यक्षात ती फायलींची जुडी असते. एसएचपीमध्ये आकार, एसएचएक्समध्ये त्यांची अनुक्रमणिका आणि डीबीएफमध्ये तक्ता. या तिन्हींशिवाय ती पुरी होत नाही. पीआरजेमध्ये निर्देशांक पद्धत (जागा कोणत्या मापाच्या आकड्यांत मांडली आहे ते) असते आणि सीपीजीमध्ये तक्त्याचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवण्याची रीत. लोक मेलवर एकटी एसएचपी पाठवतात आणि 'उघडत नाही का?' म्हणून विचारतात. पाठवायचीच तर सगळी जुडी झिप करून पाठवा.

खरा घाव डीबीएफमध्ये आहे. हा डीबेस या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅमच्या काळातला तक्ता. रकान्याच्या नावाला फक्त १० बाइट आणि मजकुराला जास्तीत जास्त २५४. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, त्यामुळे त्यांचं भागतं. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट घेते, गुजरातीचीही तेवढेच. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजायचे. 'मालक' म्हणजे म, काना, ल, क: चार खुणा, १२ बाइट. दहात मावतात तीनच, म्हणून उरतं 'माल'. 'मालमत्ता'चंही तेच होतं. दोन रकाने एकाच नावाचे होऊ नयेत म्हणून निर्यात करताना दुसऱ्याचं नाव आणखी कापून त्याला शेपटी जोडली जाते, आणि त्या कापाकापीत अक्षर मोडतं.

मजकुराचंही तसंच. नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं साधं तीन शब्दांचं मराठी नाव साठेक बाइट खातं. म्हणजे २५४ मध्ये चार नावं बसतात आणि पाचव्याच्या पहिल्याच शब्दावर कात्री चालते. जुन्या वाड्यांच्या मालमत्ता-कार्डावर सात-आठ सहहिस्सेदार सर्रास असतात. निर्यात झाल्यावर हिरवी पट्टी 'सेव्ह झालं' म्हणून सांगते आणि निम्मे हिस्सेदार गायब असतात. मालकीच्या नोंदीत याहून वाईट चूक मला सुचत नाही.

प्रश्नचिन्हं आणि कचरा यांतला फरक ओळखायला शिका, त्याने पुष्कळ तास वाचतील. नावांच्या जागी टोप्या-टिंबं लावलेली रोमन अक्षरं दिसत असतील तर माहिती शाबूत आहे, फक्त चुकीच्या एन्कोडिंगने वाचली जातेय. बहुधा सीपीजी हरवलेली असते. लेअरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'सोर्स'खाली एन्कोडिंग यूटीएफ-८ करा, नावं परत दिसतील. पण प्रश्नचिन्हं दिसली तर सेव्ह करतानाच अक्षरं मेलेली आहेत. मग एन्कोडिंग कितीही बदला, काही निघत नाही. मूळ माहितीच पुन्हा मागवावी लागते. आमच्या त्या जुन्या भागाचं नेमकं हेच झालं होतं.

इथे एक कबूल करायला हवं. तिसऱ्या महिन्यात हा अभिप्राय लिहिला असता तर या सगळ्याचं खापर क्यूजीआयएसवर फोडून पाचांपैकी दोन दिले असते. ते चुकीचं ठरलं असतं. एस्री या नकाशा-सॉफ्टवेअरच्या कंपनीने शेपफाइलचा तपशील १९९८ मध्ये जाहीर केला आणि तेव्हापासून ती सगळीकडे रुजली. मर्यादा तिच्या आहेत. क्यूजीआयएस ३ स्वतः निर्यातीत पहिला पर्याय जिओपॅकेजचा देतं, आपणच सवयीने यादी उघडून शेपफाइल निवडतो.

जिओपॅकेज म्हणजे एसक्यूलाइटचा एक डेटाबेस, एकच फाइल, २०१४ पासून ओजीसी या भू-माहितीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक. रकान्यांची नावं अख्खी राहतात, मजकूर तुटत नाही, तारखेबरोबर वेळही राहते. डीबीएफच्या तारखेच्या रकान्यात वेळेला जागाच नाही, त्यामुळे विश्वामित्री नदीच्या पातळीच्या तासातासाच्या नोंदी त्यात मांडताच येत नाहीत. बदल करायला कष्ट नाहीत: लेअरवर राइट-क्लिक, 'एक्सपोर्ट', 'सेव्ह फीचर्स ॲज', फॉरमॅट जिओपॅकेज. सगळा प्रोजेक्ट एका फाइलमध्ये हवा असेल तर प्रोसेसिंग टूलबॉक्समधलं 'पॅकेज लेअर्स' चालवा.

त्यातही खोडी आहेत. प्रोजेक्ट उघडा असताना फाइलशेजारी डब्ल्यूएएल आणि एसएचएम अशा दोन पिल्लू-फायली दिसतात. ताजे बदल काही वेळ डब्ल्यूएएलमध्येच असतात. तशात मुख्य फाइल तेवढी पेनड्राइव्हवर घेतली की शेवटचं काम मागे राहतं. आधी क्यूजीआयएस बंद करा, पिल्लं नाहीशी झाली का बघा, मग कॉपी करा. क्लाउडशी सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये चालू काम ठेवूच नका. दुसरी खोडी 'एफआयडी' रकान्याची. दोन लेअर 'मर्ज' करून जिओपॅकेजमध्ये सेव्ह करताना एकच क्रमांक दोनदा आला की निर्यात अडते. सेव्हच्या खिडकीत रकान्यांच्या यादीतून एफआयडीची खूण काढा, नवे क्रमांक आपोआप पडतात.

निर्देशांकांचा गोंधळ हा नवख्यांचा दुसरा खड्डा. बडोदं साधारण ७३.२ पूर्व, २२.३ उत्तर. जिओजेसन आणि केएमएल या दोन्ही नकाशा-फॉरमॅटांत आधी रेखांश, मग अक्षांश. उलटं भरलं तर मांडवी नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडते. मोजमापाच्या कामाला यूटीएम ४३ उत्तर घ्या: पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणारी ही पद्धत, यादीतला तिचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३. त्यात बडोद्याचे आकडे पूर्वेला सुमारे ३ लाख १४ हजार मीटर आणि उत्तरेला २४ लाख ६७ हजार मीटर येतात. असे आकडे दिसले की पद्धत बरोबर आहे. इंदूरही याच पट्ट्यात, ग्वाल्हेर मात्र ४४ मध्ये.

'सेट लेअर सीआरएस' (सीआरएस म्हणजे निर्देशांक पद्धत) आणि 'रिप्रोजेक्ट लेअर' यांत गल्लत करू नका. पहिलं फक्त पाटी बदलतं, आकडे तेच राहतात. दुसरं आकडे खरोखर बदलून नवा लेअर करून देतं. पीआरजे हरवली असेल तर पहिलं, पद्धत बदलायची असेल तर दुसरं. अंशांतल्या लेअरवर १०० चा बफर (आकाराभोवतीचा पट्टा) काढला तर तो १०० अंशांचा निघतो. आणि वेब नकाशांच्या ३८५७ पद्धतीत सपाट क्षेत्रफळ काढलं तर आपल्या अक्षांशावर १०० चौरस मीटरचा प्लॉट जवळजवळ ११७ चा दिसतो. डॉलरचं चिन्ह लावलेलं 'एरिया' प्रोजेक्टचा एलिप्सॉइड, म्हणजे पृथ्वीचा गोलसर आकार, धरून मोजतं, चिन्हाशिवायचं सपाट कागदावर मोजतं. एफपी (फायनल प्लॉट) नंबरच्या क्षेत्रफळावर भांडण होण्याआधी हे तपासा.

सीएसव्हीबद्दल एकच, पण कळकळीने. सर्वे नंबर १२/१ स्प्रेडशीटमध्ये उघडला की तो तारीख होतो, आणि सेव्ह केलं की मूळ नंबर गेला. कोडाच्या सुरुवातीची शून्यंही उडतात. फाइल थेट क्यूजीआयएसमध्ये 'डिलिमिटेड टेक्स्ट' म्हणून आणा आणि रकान्यांचा प्रकार ओळखण्याची खूण काढून टाका, म्हणजे सगळं मजकूर म्हणून येईल. जॉइन, म्हणजे दोन तक्त्यांची समान रकान्यावरून जोडणी, लागत नसेल तर दहातल्या नऊ वेळा एका बाजूला आकडा आणि दुसऱ्या बाजूला मजकूर असतो.

रास्टरचं, म्हणजे पिक्सेलांच्या नकाशांचं, थोडक्यात. जिओटिफ ही रास्टरची फाइल जड वाटली तर 'पिरॅमिड्स' (तिच्याच लहान प्रती) बांधा, झूम लगेच हलका होतो. उंचीच्या फाइलला जेपीईजी कॉम्प्रेशन कधीही लावू नका, आकडेच बदलतात, आकडे न बदलणारं डिफ्लेट लावा. एसआरटीएम या अवकाशातून केलेल्या उंचीच्या मोजणीवरून बडोद्यातल्या पुराचा नकाशा करायचा मोह होतो, तो टाळा. ती मोजणी फेब्रुवारी २००० ची, एक पिक्सेल ३० मीटरचा, उंची पूर्ण मीटरमध्ये, आणि शहरात ती गच्च्या-झाडांचीही उंची धरते. आपल्या सपाट शहरात एका मीटरच्या फरकावर अख्खी सोसायटी पाण्यात किंवा कोरडी ठरते.

छपाई चांगली होते. लेआउटमधून पीडीएफ काढताना मजकूर 'पाथ' म्हणून ठेवा, जोडाक्षरं जशीच्या तशी येतात. त्या पीडीएफमध्ये नाव शोधता येत नाही, तेवढं सोसावं लागतं.

आज क्यूजीआयएसला पाचांपैकी साडेचार. शेपफाइल आता फक्त समोरचा अडूनच बसला तर देतो: रकान्यांची नावं आधी रोमन लिपीत दहा अक्षरांच्या आत बसवून, प्रत्येक सहहिस्सेदाराची वेगळी ओळ करून, आणि सोबत पूर्ण नावांची जिओपॅकेज जोडून. गेल्या आठवड्यातला तो लेअर असाच पुन्हा पाठवला. आठही हिस्सेदार पोचले.