सेसुव्हियम बागेत लावून वर्ष होत आलं, त्याचा अनुभव

आधी निकाल सांगते: जमीन झाकायला किंवा कुंडीच्या काठावरून खाली सोडायला उत्तम. फुलांच्या हौसेने लावणार असाल तर दुसरं काहीतरी बघा.

सेसुव्हियम पोर्टुलाकास्ट्रम हे उष्ण प्रदेशांतल्या बहुतेक किनाऱ्यांवर आपसूक वाढणारं, जमिनीलगत पसरणारं मांसल रोप. वाळूत असतं, खाडीच्या चिखलात असतं, खारफुटीच्या कडेलाही असतं. बघणारे हमखास याला घोळ (घोळीची भाजी) म्हणतात. त्यात त्यांचा दोष नाही, वनस्पतींच्या शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या खुद्द लिनियसने १७५३ मध्ये याला घोळीच्याच प्रजातीत बसवलं होतं. फूल आलं की मात्र शंका उरत नाही: घोळीचं पिवळं, याचं गुलाबी-जांभळं.

सक्युलंट, म्हणजे असं मांसल रोप म्हटलं की पाणी घालताना आपला हात आखडतो. इथे आखडू नका. वाळवंटी झाडं पानं जाड करतात ती पाणी मिळत नाही म्हणून. हे करतं ते मिळणारं पाणी खारं असतं म्हणून. खारफुटीतल्या तिवराच्या पानांवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात, तशी सोय याच्याकडे नाही. मुळांतून आलेलं सोडियम हे पेशींतल्या रिक्तिकांमध्ये (द्रव साठवणाऱ्या पिशव्यांमध्ये) कोंडून ठेवतं आणि त्याच्या जोडीला पाणी साठवतं. म्हणून कॅक्टसच्या देखभालीचे सगळे सल्ले इथे उलटे पडतात. भर पावसात एचेव्हेरिया (कमी पाण्यावर जगणारी मांसल रोपं) बुडातून कुजत होत्या, तेव्हा त्यांच्याच शेजारी हे तुंबलेल्या कुंडीत मजेत पसरत होतं. भरतीच्या पाण्याखाली जाण्याची सवय असलेल्या रोपाला पावसाचं काय! मला सर्वात आवडलेली गोष्ट हीच.

लावणं अगदी सोपं. दोन-तीन पेरांचा शेंडा खुडून, खालची पानं काढून ओल्या वाळूत खोचला की पेरापेराला मुळं फुटतात. त्यामुळे किनाऱ्यावरून अख्खं झुडूप उपटून आणायची गरज नाही. आणूही नये. ही मुळंच तिथली वाळू धरून ठेवतात आणि तिचे उंचवटे बांधतात. ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांच्याकडून एक फांदी मागा.

मातीचं म्हणाल तर मी एकाच फांदीचे तुकडे वेगवेगळ्या मातीत लावले होते, तुलना करता यावी म्हणून. भरपूर गांडूळखत घातलेल्या वाफ्यात वाढ झपाट्याने झाली, पण पेरांमधलं अंतर लांबलं, पानं पातळ आणि फिकी. निम्मी वाळू घातलेल्या कुंडीत वाढ सावकाश, ठेंगणी आणि दाट. तिसऱ्या कुंडीला अधूनमधून खारं पाणी दिलं: एक लिटरला साधारण ५ ग्रॅम मीठ. समुद्राच्या पाण्यात ते लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे हे बेताचंच. या कुंडीतली पानं सर्वात गुबगुबीत झाली आणि देठांवर लाली चढली. तरीही मीठ घालाच असं मी सांगणार नाही. गोड्या पाण्यावर हे व्यवस्थित जगतं, आणि मीठ वाफ्यात उतरलं तर बाकीची झाडं जातील. करून बघायचंच असेल तर वेगळी कुंडी, खाली ताटली, आणि मातीवर पांढरा थर दिसू लागला की साध्या पाण्याने धुऊन काढणं.

ऊन मात्र कडक हवं. सावलीच्या बाजूला गेलेल्या फांद्या नुसत्या लोंबत राहिल्या.

फुलं देखणी, पण नखाएवढी. जवळून पाहिलं तर त्यांना पाकळ्याच नसतात. पाच निदलं (कळीला बाहेरून झाकणारी दलं) आतून गुलाबी रंगलेली असतात, बाहेरून हिरवी. काही तास उघडतात आणि मिटतात. लांबून बाग रंगलेली दिसावी असं वाटत असेल तर ऑफिस टाइम लावा, तोही मांसलच आहे.

कीड फारशी नाही. दाट झालेल्या मध्यभागी पिठ्या ढेकूण दिसला, तो पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने गेला. पानं खाता येतात, चव खारट. मात्र हे रोप जमिनीतले जड धातूही शोषून घेतं, म्हणून प्रदूषित मातीची शुद्धी करण्यासाठी त्याचा अभ्यास होतो. सांडपाण्याच्या खाडीकाठचं तोडून कुणी खाऊ नये. घरच्या स्वच्छ मातीतलं चिमूटभर चाखायला हरकत नाही.

एक तक्रार खरी आहे. हे आवरावं लागतं. महिन्या-दोन महिन्यांनी कात्री लावली नाही तर मधला भाग काटकुळा आणि उघडा पडतो, सगळी हिरवळ टोकांकडे पळते. छाटणीत निघालेले शेंडे मी त्याच उघड्या जागेत खोचते, थोड्याच दिवसांत ती भरून येते. उतारावरची माती पावसात वाहून जाते, तिथेही यातलेच तुकडे लावलेत. अजून तरी धरून आहेत.