सांधेदुखीच्या 'जडीबुटीच्या' पुड्यांमध्ये स्टिरॉइड निघालं, कृपया वाचा

माझ्या मोठ्या बहिणीला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. वयोमानाने गुडघे झिजतात ते नाही, यात आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. सकाळी तास-दीड तास तिची मूठ वळायची नाही. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट (उलटलेल्या प्रतिकारशक्तीला आवरणारं मुख्य औषध) दिलं, आठवड्यातून एकदाच घ्यायचं, रोज नाही, आणि सोबत फॉलिक अॅसिड. गुण यायला 6 ते 12 आठवडे लागतील हे त्यांनी आधीच सांगितलेलं.

नेमका त्याच मधल्या काळात जडीबुटीच्या पुड्या देणारा एक माणूस भेटला. म्हणे त्या गोळ्या आधी बंद करा, लिव्हर जाईल, माझ्या पुड्यांत फक्त जडीबुटी आहे, आजार मुळापासून जाणार. (लिव्हरसाठीच तर डॉक्टर ठरावीक काळाने रक्त तपासतात, हे तो कशाला सांगेल!)

आणि खरंच थोड्याच दिवसांत सूज उतरली, ताई भराभर कामं करायला लागली, घरात सगळे खूश. पण मेख तिथंच आहे. इतक्या झटपट सूज उतरवते ती बहुतेक वेळा स्टिरॉइड. 1948 मध्ये डॉ. हेंच यांनी पहिल्यांदा अशा पेशंटला कॉर्टिझोन हे स्टिरॉइड दिलं तेव्हाही असाच चमत्कार वाटला होता, 1950 चं नोबेलही मिळालं, आणि खूप दिवस घेतल्यावर काय होतं ते हळूहळू कळत गेलं.

ताईचं तेच झालं. चेहरा गोल सुजलेला, शुगर वाढलेली, आणि मग पुड्या संपल्या, तो फोन उचलेना, तर चक्कर, उलट्या, बीपी एकदम खाली, अॅडमिटच करावं लागलं. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, त्यामुळे अचानक तुटलं तर जिवावर बेततं. उरलेली पुडी लॅबला दिली, डेक्सामेथासोन निघालं, म्हणजे स्टिरॉइडच. मधे खरं औषध बंद राहिलं ते वेगळंच, एक्सरेत बोटांच्या सांध्यांजवळ हाड खाल्लेलं दिसतं आणि ते परत पहिल्यासारखं होत नाही, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

स्टिरॉइड डॉक्टरही देतात, पण सांगून, मोजून, मुख्य औषध लागू पडेपर्यंत, आणि मग हळूहळू कमी करत. तुमच्या घरात कोणी अशी पुडी घेत असेल तर घाबरून आजच्या आज बंद करू नका, पुडी सोबत घेऊन लगेच ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे (अशा सांध्यांच्या आजारांचे तज्ज्ञ डॉक्टर) जा, आणि किती दिवसांपासून चालू आहे ते न लाजता सांगा.